माशांना मानवणारे पाणी

पूर्वी परगावी गेलेला मनुष्य घरी पहिले पत्र लिहीत असे, तेव्हा खुशालीच्या मजकुरापाठोपाठ त्यात एक वाक्य हमखास असे : ‘येथले पाणी मानवले आहे.’ क्वचित ‘पाणी बाधले’ असेही लिहून येई आणि मग घरची मंडळी काळजीत पडत. आपल्यापैकी ज्यांची घराणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या पूर्वजांना हा अनुभव नवा नव्हता. पाण्याविषयी बोलताना आपली भाषा मोठे शहाणपण दाखविते. पाणी शुद्ध आहे की नाही एवढे विचारून ती थांबत नाही. ते मानवते की नाही, हेही विचारते. शुद्धता हा पाण्याचा स्वतःचा गुण झाला. मानवणे हे पाणी आणि ते घेणारा जीव यांच्यातील नाते झाले.

या दोहोंतील भेद ध्यानात न आल्यामुळे हल्ली अनेक घरांच्या दिवाणखान्यात एक लहानशी शोकांतिका घडत असते. मुलांच्या हौसेखातर काचेची मत्स्यपेटी घरी येते. रविवारी सकाळी ती रिकामी केली जाते, तळाचे खडे घासूनपुसून धुतले जातात आणि माशांना उत्तमातले उत्तम पाणी मिळावे म्हणून स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्राचे पाणी बादल्या भरभरून तिच्यात ओतले जाते. हेतू निखळ प्रेमाचा असतो. परंतु मंगळवार-बुधवार उजाडतो तो एखादा मासा तळाशी निपचित पडलेला दिसतो, दुसरा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, आणि शाळेतून परतलेले मूल विचारते, ‘आपण तर सगळ्यांत स्वच्छ पाणी दिले होते ना?’ हा प्रश्न ‘नवे मासे आणू हं’ असे म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. त्या बालमनाने कार्यकारणभाव शोधावयास आरंभ केलेला असतो. त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते देणे घरातील वडीलधाऱ्यांना अवघडही नाही.

काकडी, मनुका आणि पडदा

उत्तराचा आरंभ स्वयंपाकघरातच होतो. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते. उलटपक्षी, रात्री भिजत घातलेल्या मनुका सकाळी टम्म फुगलेल्या असतात. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन गोष्टींमागे नियम एकच आहे. काकडीच्या पेशींना काय किंवा मनुकेला काय, असे एक पातळ आवरण असते की ज्यातून पाणी सहज ये-जा करते, पण पाण्यात विरघळलेले क्षार वा साखर सहसा जाऊ शकत नाही. अशा पडद्याच्या एका बाजूस विरघळलेले पदार्थ कमी आणि दुसऱ्या बाजूस अधिक असले, तर पाणी कमी बाजूकडून अधिक बाजूकडे ओढले जाते. शालेय पुस्तकांत या क्रियेला परासरण म्हणतात. झां-आंत्वान नोले या फ्रेंच संशोधकाने १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ती प्रथम नोंदविली.

आता या नैसर्गिक ओघाच्या विरुद्ध दिशेने पुरेसा दाब दिला तर काय होईल? पाणी क्षारयुक्त बाजूकडून उलट वाहू लागेल आणि क्षार मागे राहतील. हेच व्युत्क्रम परासरण. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे आपले घरोघरचे ‘आर.ओ.’. कल्पना जुनी असली तरी तिला उपयोगी पडेल असा पडदा सापडत नव्हता. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी सेल्युलोज ॲसिटेटचा तसा पडदा तयार केला, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातीलच कोलिंगा या गावी त्याच्या साहाय्याने खारट भूजलापासून पिण्याचे पाणी मिळू लागले. त्याच तत्त्वावरचे छोटे यंत्र आज आपल्या ओट्याच्या वर भिंतीला टांगलेले असते. पाण्यातील गाळ अडविणारी एक गाळणी, क्लोरीन शोषून घेणारा कोळसा, आणि मग तो पडदा, असा त्यातील पाण्याचा प्रवास असतो. पडदा चांगल्या स्थितीत असला तर विरघळलेल्या क्षारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार तो अडवितो.

माशाचे अविश्रांत काम

गोड्या पाण्यातला मासा म्हणजे एका अर्थी पाण्यात भिजत पडलेली मनुकाच होय. त्याच्या रक्तातील क्षार भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यामुळे कल्ल्यांच्या नाजूक त्वचेतून पाणी रात्रंदिवस त्याच्या शरीरात शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मनुका फुगून बसते. मासा जिवंत असल्यामुळे झगडतो. आत शिरलेले पाणी त्याची मूत्रपिंडे पातळ मूत्राच्या रूपाने सतत बाहेर टाकतात आणि गमावलेले क्षार त्याचे कल्ले पाण्यातून वेचून परत घेतात. या कामासाठी त्याला आयुष्यभर शक्ती खर्चावी लागते.

अशा माशाला आपण एकाएकी जवळजवळ क्षारशून्य पाण्यात सोडले, तर त्याच्यावरील भार किती वाढेल हे सांगावयास नको. पाणी आत शिरण्याचा वेग वाढतो, आणि वेचून घ्यावयास बाहेर क्षारच उरत नाहीत. काल बोअरच्या जड पाण्याशी त्याच्या देहाने जुळवून घेतलेले असते; आज एका तासात ते सारे गणित मोडते. माशाच्या दृष्टीने हे पाणी ‘स्वच्छ’ नाही, ते रिते आहे.

दुसरे संकट याहून छुपे आहे. पाण्यात बायकार्बोनेटी क्षार असतात, ते पाण्याची आम्लता सांभाळून धरतात. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया हे विष तयार होते. खड्यांवर व गाळणीत वस्ती करणारे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेत आम्ल उत्पन्न होते. क्षार असतील तोवर ते आम्ल पचवितात; आर.ओ.च्या रित्या पाण्यात पचविणारे कोणीच नसल्याने आम्लता झपाट्याने वाढते, म्हणजेच पीएच कोसळतो, आणि मग ते जिवाणूही मंदावतात. त्यातच आपण रविवारी खडे व गाळणी खसखसून धुऊन जिवाणूंची वस्ती उठविलेली असते. मंगळवारच्या त्या दुःखद दृश्याचा उगम तेथे असतो.

एकाच गावात दोन तऱ्हेचे पाणी

मग आर.ओ.चे पाणी माशांसाठी वापरूच नये काय? तसे नाही. प्रथम आपल्या घरी येणारे पाणी कोणते, हे पाहिले पाहिजे. बहुतेक शहरांत आज दोन तऱ्हेचे पाणी नांदते. एक धरणाचे किंवा नदीचे, नळाने येणारे. आणि दुसरे जमिनीच्या पोटातून बोअरने उपसलेले. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीने आजवा तलावाचे पाणी मिळाले. ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे. हैदराबादला १९२० मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानसागराचे. इंदुरास १९७८ पासून नर्मदामाई घाट चढून आली. असे पृष्ठभागावरचे पाणी सामान्यतः हलके असते. परंतु वस्ती वाढली, नळ अपुरे पडले आणि नव्या वसाहतींत बोअर आले. खडकांच्या फटींतून वर्षानुवर्षे मुरलेले ते पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार उचलते आणि जड होते. गोव्याच्या जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी मात्र बहुधा हलके असते.

पाण्याची जात ओळखण्यास गृहिणीला उपकरण लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, भांड्यावर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग राहतात आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात चुन्यासारखा थर धरतो, असे पाणी जड. पाठ्यपुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. आकड्यांत सांगावयाचे तर लिटरमागे विरघळलेल्या पदार्थांचे एकूण मिलिग्रॅम, म्हणजे ‘टीडीएस’, हे मोजणारे लेखणीएवढे यंत्र आता थोडक्या पैशांत मिळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा जलस्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा, असे आहे. एक सावधगिरी मात्र हवी. हे यंत्र पाण्यात किती विरघळले आहे ते दाखविते. काय विरघळले आहे ते सांगत नाही. क्लोरीन वा अमोनिया ओळखण्याचे काम त्याचे नव्हे.

यानंतर पाहावयाचे ते मासे. माणसांप्रमाणे माशांचेही मूळ गाव असते आणि त्या गावच्या पाण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी मुरलेली असते. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील मॉली, आणि डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे हौदांत सोडला जाणारा गप्पी, यांना जड पाणी चांगले मानवते. चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसाने जोपासलेला सोनमासा मध्यम ते जड पाण्यात सुखाने राहतो. आफ्रिकेतील मलावी व टांगानिका या सरोवरांतील रंगीत सिक्लिड माशांना तर जड, अल्कधर्मी पाणीच हवे. याउलट, ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेले निऑन टेट्रा आणि डिस्कस यांची मूळ वस्ती पालापाचोळ्याने तपकिरी झालेल्या, अत्यंत हलक्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात असते. यांना बोअरच्या आठशे टीडीएसच्या पाण्यात ठेवले तर ते कोमेजतात, आणि त्यांच्या अंड्यांतून पिले निघणे तर फारच दुरापास्त होते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. घरी सोनमासे, गप्पी किंवा मॉली असतील आणि नळाचे पाणी बरे असेल, तर आर.ओ. यंत्राच्या वाटेला जाऊच नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र कल्ले जाळतो. तो घालविण्यासाठी पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध, जे बहुधा सोडियम थायोसल्फेटच असते, सांगितलेल्या प्रमाणात घालावे. क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरले जात असेल तर नुसते ठेवून भागत नाही, औषधच घालावे लागते. बोअरचे पाणी फार जड असेल आणि मासे हलक्या पाण्याचे असतील, तेव्हाच आर.ओ. खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. आणि तेही एकटे नव्हे, मिश्रणाने.

मिश्रणाचे गणित

हे गणित सातवीतल्या मुलाने करण्यासारखे आहे आणि त्यालाच करू द्यावे. समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० आहे आणि आर.ओ.च्या पाण्याचा ४०. एक भाग बोअरचे आणि चार भाग आर.ओ.चे पाणी एकत्र केले, तर एकूण पाच भागांत ८०० अधिक १६०, म्हणजे ९६० होतात. त्यांस पाचाने भागता १९२ येतात. टेट्रासारख्या अनेक माशांना हे पाणी सोसते. हलक्या पाण्याची त्याहून अधिक गरज असणाऱ्या माशांसाठी बोअरचा भाग आणखी कमी करावा. बोअरच्या या एका भागातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आम्लता सावरणारे क्षार माशांना मिळतात. पाण्यात जीव यावा म्हणून खाण्याचे मीठ टाकण्याची काहींची रीत आहे. तिने टीडीएस वाढतो, पण कॅल्शियम मिळत नाही.

काही यंत्रांत टीडीएस कमी-अधिक करण्याची चावी असते, तर काहींत क्षार मिसळणारी नळी असते. म्हणून आपल्या यंत्राचे पाणी चाळीसचे आहे की दीडशेचे, ते आधी मोजावे, गृहीत धरू नये. मोजमापाची ही सवय यंत्रासाठीही हिताची आहे. चाळीसवर असलेला आकडा महिन्यागणिक चढू लागला, तर पडदा थकला असे समजावे.

बदल हळूहळू करावा, हा सर्वांत मोठा नियम. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस-तीस सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता चाळीस-पंचेचाळीस लिटर राहते. आठवड्यातून एकदा त्यातले दहा लिटर काढावे आणि पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट-गार असलेले दहा लिटर मिश्रण, म्हणजे दोन लिटर बोअरचे आणि आठ लिटर आर.ओ.चे, सावकाश ओतावे. असे केल्याने जुने जड पाणी काही आठवड्यांत हलके होत जाते आणि माशाच्या देहाला जुळवून घेण्यास अवसर मिळतो. गाळणी धुवावयाची ती पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावी, म्हणजे जिवाणूंची वस्ती शाबूत राहते.

सजावटीच्या वस्तूंकडेही लक्ष असावे. गोव्याच्या किनाऱ्यावरून मुलांनी वेचून आणलेले शिंपले पेटीत फार शोभून दिसतात, पण ते चुन्याचेच असल्यामुळे हळूहळू विरघळून पाणी जड करतात. सिक्लिडांना ते उपकारक, टेट्रांना अपायकारक. एखाद्या दगडाविषयी शंका असेल तर त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा समजावा.

आटलेली आमटी

एका प्रसंगी मात्र निव्वळ आर.ओ.चे पाणी न मिसळता वापरणे योग्य ठरते. उन्हाळ्यात पेटीतले पाणी वाफ होऊन उडते आणि पातळी दोन-तीन बोटे खाली जाते. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. आमटी आटून खारट झाली की आपण तिच्यात पाणी घालतो, पुन्हा मीठ घालीत नाही. तोच न्याय येथे लावावा. उडालेल्या पाण्याची भर निव्वळ आर.ओ.च्या पाण्याने करावी. काढून टाकलेल्या पाण्याची भर मिश्रणाने करावी. एवढा एक भेद मनात पक्का बसला, तर निम्मे मत्स्यपालन साधले म्हणावयास हरकत नाही.

मोरीत जाणारे पाणी

आता या यंत्राच्या दुसऱ्या नळीकडे वळू. जुन्या धाटणीचे घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकते. आठवड्याला आठ लिटरांसाठी चोवीस लिटर, म्हणजे वर्षाला साडेबाराशे लिटरांच्या आसपास पाणी केवळ माशांपायी मोरीत जाईल. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या वसाहतीत हा हिशेब विचार करावयास लावणारा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, जेथे टीडीएस ५०० हून कमी तेथे आर.ओ. वापरास मनाई करावी आणि अन्यत्र किमान साठ टक्के पाणी उपयोगी मिळावे, असे निर्देश दिले, त्यामागे हीच चिंता होती.

ही नळी मोरीत सोडण्याऐवजी बादलीत सोडावी. त्या पाण्याने फरशी पुसावी, ओटा-मोरी धुवावी, संडासात वापरावे. परंतु ते पेटीत कदापि घालू नये. वरच्या उदाहरणातील ८००चे पाणी बाहेर पडताना एक हजाराच्या वर गेलेले असते. झाडांना तेच रोज घातल्यास मातीत क्षार साचतात. याउलट, पेटीतून काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांना खतासारखे उपयोगी पडते. तुळस असो की जास्वंद, तिला ते घालून पाहावे.

ज्यांच्या गावी पर्जन्यराजाची कृपा आहे, त्या गोवेकर आणि बेळगावकर मंडळींना तर आकाशातून हलके पाणी मिळते. पहिले काही पाऊस छप्पर धुऊन गेल्यावर स्वच्छ छपरावरचे पाणी झाकणाच्या पिंपात धरावे आणि आर.ओ.च्या पाण्याऐवजी तेच मिश्रणात वापरावे. यात वीजही लागत नाही आणि मोरीतही काही जात नाही.

वाचकहो, पाण्याची एवढी चिकित्सा पाच-सात चिमुकल्या जिवांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हे जीव आपण त्यांच्या पाण्यातून उचलून आपल्या पाण्यात आणलेले असतात. त्यांना पेटीबाहेर जाता येत नाही की तक्रार करता येत नाही. त्यांचे सारे जग आपल्या बादलीत सामावलेले असते. आणि त्यांच्या निमित्ताने घरातील मुलाला परासरण कळते, गुणोत्तर कळते, आपल्या गावाचे पाणी कोठून येते व कोठे वाया जाते हे कळते. येत्या रविवारी पेटी उपसण्यापूर्वी एक वही करावी. तीत मुलाने आपल्या हाताने तीन आकडे लिहावेत : घरच्या पाण्याचा टीडीएस, आर.ओ.चा टीडीएस आणि पेटीतील पाण्याचा टीडीएस. मग बादली उचलावी.